बार्जच्या काचेतली दीर्घिका

दिवाळीनंतरच्या अमावास्येला, संध्याकाळी आठ वाजता, मी माझ्याच शेतात माझी सावली पडलेली पाहिली. काळीकुट्ट, लांबलचक, थेट बांधापर्यंत गेलेली. सावली हात वर करून उभी होती, कारण मी हात वर करून उभा होतो. आणि मी हात वर करून उभा होतो, कारण मला वाटलं, कोणीतरी बॅटरी मारून मला चोर समजून हटकतंय.

मग तिठ्यावरून टाळ्या ऐकू आल्या. नारळ फुटल्याचा आवाज आला. एक फटाकाही वाजला. आमच्या वाड्यातून, म्हणजे वस्तीतून, पंचायतीवर निवडून आलेल्या पंचाने नव्या हायमास्टचं बटण दाबलं होतं. आठ दिवे, आठही पांढरेफेक, माडाच्या दुप्पट उंचीवर, गोल कड्यावर बसवलेले. त्यातले तीन सरळ माझ्या शेतावर रोखलेले.

माझ्या शेजारी सिमेंटच्या खांबावर आमची दुर्बीण उभी होती. तिचं तोंड त्रिकोण नावाच्या तारकासमूहाकडे होतं. तिथे एक दीर्घिका आहे. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड भोवरा, पण इतका अंधुक की शेजारच्या घरात कोणी गॅलरीतला बल्ब लावला तरी लाजून नाहीसा होतो. कॅमेरा दुर्बिणीला लावलेला. एकेक मिनिटाचा एकेक फोटो, असे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकात एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो भोवरा दिसायला लागतो. त्या संध्याकाळचे चाळीस फोटो झाले होते. एकेचाळिसावा मी पडद्यावर पाहिला. नुसतं दूध.

मी चिडलो. मी चिडतो तेव्हा सविस्तर चिडतो, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. देवळाच्या उत्सवात दरवर्षी आम्ही नाटक करतो, त्यात गेली वीस वर्षं खलनायक मीच असतो. तिसऱ्या अंकात मी मरतो आणि मरायला मला बारा मिनिटं लागतात. दिग्दर्शकाने कितीही खुणा केल्या तरी मी बाराव्या मिनिटाआधी खाली पडत नाही. तर त्या संध्याकाळी मी शेतात उभा राहून तो संपूर्ण अंक केला. प्रेक्षक कोणी नव्हता. शेजाऱ्याची म्हैस होती, ती उठून गेली.

रागाचं खरं कारण मात्र माझं नव्हतं. ते मेस्त्रींचं होतं, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मेस्त्री आमच्या गोव्यातच, डिचोलीकडे लाटंबार्सेला राहतात. मूळचे दोडामार्गाकडचे. डिचोलीच्या खाणींवर फिटर म्हणून आले आणि ट्रकांचे एक्सल, कन्व्हेयरचे पट्टे, पुढे नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जची, म्हणजे सपाट बोटींची, इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारे झाले. खाणी बंद पडल्यावर घरी बसले. घरी बसले म्हणजे काजूच्या झाडांखाली एक पत्र्याची शेड घालून तिच्यात बसले. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नाटकातल्या सिंहासनाला चाकं लावून घ्यायला. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. आयुष्यात एक तास शिकवलं नाही, तरी सगळा गाव मला मास्तर म्हणतो, आणि पहिल्या दिवसापासून मेस्त्रीही तेच म्हणायला लागले.

त्यांच्या शेडमध्ये एक गोल, जाड काच पडली होती. भंगारात काढलेल्या बार्जच्या खिडकीची. वीतभर रुंद, बोटभर जाड. मेस्त्री तिच्यावर बिडीचं पाकीट ठेवत. मी त्याच महिन्यात कुठेतरी वाचलं होतं की अशा काचेपासून घरच्या घरी दुर्बिणीचा आरसा घासता येतो. मी बोलून गेलो. मेस्त्रींनी पाकीट उचललं, काच पुसली, उजेडात धरली आणि विचारलं, "किती खोल घासूची?"

हे लोक असेच. कशाला, हे विचारत नाहीत. किती, हे विचारतात.

दीड वर्ष घासली. पिंपात दगड भरून त्यावर एक सिमेंटची चकती बसवली, तिच्यावर फरशीचे तुकडे चिकटवले, ओलं कार्बोरंडम, म्हणजे काच खाणारी कडक पूड, पसरलं आणि वर काच. पुढे ढकलायची, मागे ओढायची, जरा फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. दर रविवारी मी पेडण्याहून स्कूटरने डिचोलीला जायचो आणि पिंपाभोवती प्रदक्षिणा घालून यायचो. मेस्त्रींच्या घरची माणसं मला बघून आत जाऊन हसायची. पूड बारीक होत गेली, काच धुरकट होत गेली, मग राळ आणि मेण वितळवून केलेल्या गादीवर पॉलिश करता करता एक दिवस तिच्यात मेस्त्रींचा चेहरा उलटा दिसला. गोठ्यात अंधार करून, दिवा आणि दाढीचं ब्लेड घेऊन आम्ही तिचा बाक तपासला. कडेजवळ एक खड्डा राहिला होता, मोहरीएवढा. सुरुवातीच्या भरड पुडीतला एक खडा मेस्त्रींच्या हाताखाली सापडला होता, त्याची खूण. मी म्हटलं, राहू दे, काही फरक पडत नाही. मेस्त्रींनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला. पण त्यानंतर दुर्बिणीतून चंद्र बघितला की ते विचारायचे, "खड्डो दिसता?" चंद्रावर खड्डे सोडून दुसरं आहे काय, मी म्हणायचो. ते हसायचे नाहीत.

आरशावर चांदीसारखा मुलामा बाहेरून करून आणला. नळी प्लायवूडची. तिला वाळवी लागू नये म्हणून मी काजूच्या टरफलांचं तेल फासलं, होड्यांना आणि वाशांना फासतात ते, आणि हातमोजे घालायचे विसरलो. आठवडाभर दोन्ही पंजे फोडांनी भरलेले. शाळेत सही करता येईना. आमच्या नळीला अजून त्या तेलाचा वास येतो. शनीची कडी मला त्या वासासकटच आठवतात. खालचा फिरता भाग ट्रकच्या गियरमधून काढलेला, मेस्त्रींच्या हातचा, पृथ्वी जितकी फिरते तितकाच उलटा फिरणारा. त्याचं वजन इतकं की माझ्या शेतात सिमेंटचा खांब घालून तो एकदाच बसवला. तो पुन्हा हलवायचा म्हणजे आणखी चार माणसं आणि एक टेंपो.

आणि मग मेस्त्रींना काचबिंदू निघाला.

डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालत राहिलं तर उरलेली सांभाळता येईल, तीही काही वर्षं. बाहेर आल्यावर मेस्त्रींनी मला ते आपल्या भाषेत समजावलं. "मास्तर, माका आता नळीतसून दिसता. मधला दिसता. बाजूचा गेला." मग म्हणाले, "आणि नळी बारीक होत जातली."

अंधुक गोष्टी त्यांना दुर्बिणीतून दिसणं आधीच बंद झालं होतं. चंद्र दिसायचा, गुरू दिसायचा. दीर्घिका त्यांनी एकही पाहिली नव्हती. त्यांनीच मागणी केली. एक मोठा फोटो काढा, दाराएवढा, माझ्या खुर्चीच्या समोर लावा. आपल्या आरशातला. मी तो जमेल तसा बघेन. कुठला काढू विचारलं तर म्हणाले, सगळ्यात कठीण असेल तो. म्हणून त्रिकोणातली दीर्घिका. पावसाळा संपला की अमावास्येच्या आसपासचे आठ-दहा दिवस, तेही आकाश स्वच्छ असेल तर. असे तीन-चार पंधरवडे मिळाले की काम झालं असतं.

पहिला पंधरवडा मिळाला. दुसऱ्यात हायमास्ट लागला.

आता माझा राग तुम्हाला कळला असेल. माझ्या शेतावर पडलेला तो उजेड मेस्त्रींच्या नळीत शिरत होता, आणि नळीकडे वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर सायकलवरून दारोदार पाव घालून जातो न जातो तोच मी पंचाच्या घरी. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्याच शाळेत शिकलेला, त्याचा दाखला माझ्या अक्षरातला. मी त्याला दीर्घिका समजावली. दोन हजार कोटी मैल वगैरे काही बोललो, आकडा चुकला, पण त्याला कुठे माहीत. तो चहा पीत ऐकत होता. चोर येतात, म्हणाला. सगळ्या गावाला उजेड आवडला, म्हणाला. आणि मग, अगदी मायेने, असं म्हणाला: "मास्तर, तुमका काळोखच बघूचो आसा ना? मगे डोळे मिटा."

त्याची आई आतून हसलेली मी ऐकली. ते वाक्य विनोद म्हणून बरं होतं, हे मी नट म्हणून कबूल करतो. पण त्या दिवसांत डोळे मिटण्यावरचा विनोद मला पचणारा नव्हता. मी अर्धा चहा तसाच ठेवून निघालो. आमच्याकडे अर्धा चहा ठेवून जाणं म्हणजे काय ते त्याला कळलं असावं, कारण पुढचे पंधरा दिवस तो मला बघून रस्ता बदलत होता.

मग वीजखात्याचा लाइनमन. तो म्हणाला, ऑर्डर पाहिजे. ऑर्डर कोण देणार? पंचायत. पंचायतीत सेक्रेटरी म्हणाला, अर्ज द्या. मी अर्ज दिला. उत्तर नाही. बायको म्हणाली, एवढा उजेड आहे तर भात रात्रीचंही वाळतं का बघूया. तिने खरंच एका संध्याकाळी सूप भरून वाल बाहेर ठेवले आणि मला विचारलं, कडक झाले का. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिने त्या दोन दिवसांत बरीच कामं उरकली.

शेवटी मी नाटकाच्या सामानातून काळा पडदा काढला. आमच्या रंगमंचाचा मागचा पडदा, तीस फुटी, रात्रीच्या प्रवेशांसाठी. दोन माडांच्या मध्ये बांधला, दिव्याच्या आड. संध्याकाळी उत्तम काम झालं. माझ्या शेतावर पूर्वीसारखा काळोख उतरला आणि मी आनंदाने हात चोळले, टरफलाच्या तेलाच्या फोडांची आठवण असूनही. साडेसातला खाडीकडून वारा सुटला. पडदा फुगला, एका बाजूची दोरी सुटली आणि तीस फुटांची रात्र माझ्या डोक्यावरून, दुर्बिणीवरून, म्हशीवरून जाऊन शेजाऱ्याच्या विहिरीत पडली. विहीर उपसायला दोन दिवस लागले. तोपर्यंत शेजारी आमच्याकडे पाण्याला येत होते आणि येताना प्रत्येक वेळी पडद्याची चौकशी करत होते.

मार्गशीर्षातली अमावास्या अशी गेली. एकही फोटो नाही. रविवारी लाटंबार्सेला गेलो, मेस्त्रींना सांगितलं. ते थेंब घालून, मान मागे टाकून बसले होते. डोळे मिटलेले. "होऊंदे," म्हणाले. मग डोळे न उघडताच हात पुढे करून माझा खांदा शोधायला गेले आणि त्यांचा हात माझ्या कानाला लागला. पूर्वी असं होत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी ग्रामसभा होती. मी तयारी केली. आरशासमोर केली, तिन्ही अंकांची मिळून जितकी करतो त्याहून जास्त. पांढरा सदरा घातला. पंचायतीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, खुर्च्या कमी, मागे बाया उभ्या. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि सुरुवात खालच्या पट्टीत केली. काळोख ही सुद्धा गावाची मालमत्ता आहे, असं म्हणालो. आजोबांनी आकाशगंगेचा जो पट्टा पाहिला तो तुमच्या नातवंडांना दाखवायला उद्या कुठल्या देशाचं तिकीट काढणार, असं विचारलं. ज्याने कोणी हा राक्षसी खांब मागितला त्याने या गावाचं आकाश विकून खाल्लं, असं म्हणून मी पंचाकडे बोट रोखलं आणि थांबलो. हे थांबणं मला छान जमतं. कोणीतरी खोकलं तेसुद्धा दबकत.

पंच उठला नाही. त्याने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने एक फाईल उघडली, त्यातला पिवळा पडलेला कागद काढला आणि वाचायला लागला.

"महोदय, अंधाराच्या महाकाय अजगराने आमच्या वाड्याला विळखा घातला असून त्याच्या जबड्यातून आमच्या माताभगिनींना सोडविण्याकरिता..."

पुढचं मला ऐकावं लागलं नाही. मला ते पाठ होतं. मीच लिहिलं होतं.

आमच्या वाड्यातले सगळे अर्ज मी लिहितो. नळाचा, गटाराचा, रेशनकार्डाचा, पडलेल्या फणसाचा. माझं अक्षर चांगलं आणि माझी भाषा भारी, अशी ख्याती आहे. लोक कोरा कागद घेऊन येतात, सोबत केळी नाहीतर चार काकड्या, आणि मी पुढच्या पडवीत, सोप्यावर, बसून लिहितो. काय हवंय ते ते सांगतात, अजगर मी घालतो. अर्ज वजनदार झाला पाहिजे, नाहीतर ऑफिसात कोण वाचणार, अशी आमच्याकडे समजूत, आणि ती समजूत वाढवण्यात माझा हात मोठा. आरसा घासायला घेण्याच्या दोन वर्षं आधीचा तो अर्ज. खाली तीस सह्या, सगळ्यात वर माझी, शेपटीला दोन वळणं असलेली. हायमास्टचा शब्दसुद्धा माझाच. नुसता दिवा लिहिला असता तर अर्ज हलका वाटला असता.

हॉल हसला. मी आयुष्यात पुष्कळ हशे घेतले आहेत, पण सगळे मागून घेतलेले. हा न मागता मिळाला. पंच मात्र हसला नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला. "मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या सहीन मागितला, तुमच्या सहीन काढूचा?" मी खाली बसलो. बाराव्या मिनिटाची वाट न बघता.

मागून एक बाई बोलली. तुये औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते, आमच्या वाड्याच्या पलीकडच्या टोकाला राहते. मूळ कागद घेऊन माझ्याकडे आली होती ती हीच, पाच-सहा जणींना बरोबर घेऊन. काकड्या तिच्याच. मी तिला तेव्हा नीट पाहिलंही नव्हतं, अजगरात गुंतलो होतो.

ती म्हणाली, "तो अर्ज सगळो वाचा. खांब खंय घालूक सांगितललो, ता वाचा."

सेक्रेटरीने पंचाकडे पाहिलं. पंचाने खिडकीकडे. सेक्रेटरीने वाचलं. आणि इथे माझ्यातल्या क्लार्कने माझ्यातल्या नटाची अब्रू वाचवली. अजगर, जबडा, माताभगिनी हे सगळं झाल्यावर खाली स्वच्छ लिहिलं होतं: हमरस्त्यावरील बसथांब्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून वळणावरील काजूच्या बागेपर्यंत.

हायमास्ट मोरीवर, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलावर, नव्हता. वळणावर नव्हता. तो तिठ्यावर होता, पंचाने स्वतः बांधलेल्या नव्या हॉलसमोर, जिथे लग्नांचे टेंपो उभे राहतात.

पंच म्हणाला, हायमास्ट उंच असतो, त्याचा उजेड सगळीकडे जातो. आकाशापर्यंत जातो, मास्तरांनाच विचारा. पुन्हा थोडा हशा.

"मगे फाल्यां साडेसातच्या बशीक या," ती बाई म्हणाली. "आमच्यावांगडा मोरीसून चला. एकदाच."

इतकंच. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही, थांबलीही नाही. माझं भाषण साडेआठ मिनिटांचं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पंच आला, कारण न येऊन चालणार नव्हतं. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि सात जणींच्या घरची मतं किती हे त्याला तोंडपाठ. सेक्रेटरी आला. मीही गेलो, मागे मागे. बस थांबली, सात जणी उतरल्या, डबे हलवत. आम्ही चाललो. तिठ्याकडचा उजेड पहिली शंभर पावलं समोरून डोळ्यांत येत होता, इतका की पायाखालचं काही दिसेना. मग रस्ता एका दरडीमागे गेला आणि खलास. काळोख साधा नव्हता. डोळे आधी दिपलेले, त्यामुळे दुप्पट काळा. मोरीला कठडा नाही. बायांनी न बोलता एकमेकींच्या ओढण्या धरल्या, रोजच्या सवयीने, आणि एका ओळीत पुढे गेल्या. पंचाचा पाय मोरीच्या कडेवरून घसरला. मी धरला त्याला. धरताना सोडून द्यावं असं एक क्षण वाटलं, हे मी लपवत नाही.

पण त्याहून जास्त राग मला माझा आला. दीड महिना मी त्या दिव्याविरुद्ध तांडव करत होतो आणि एकदाही या रस्त्याने आलो नव्हतो. ज्यांच्यासाठी अर्ज लिहिला त्यांना तो दिवा मिळालाच नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या शब्दांचा ज्यांनी खांब केला त्यांनी ते शब्द वाचलेही नव्हते, अजगराच्या पुढे गेलेच नव्हते. आणि अजगर कोणी घातला होता?

त्याच रात्री मी नवा अर्ज लिहिला. सोप्यावर बसून, ती बाई समोर. ती सांगेल ते, तिच्या क्रमाने. हायमास्टच्या आठ दिव्यांपैकी चार काढून मोरीच्या आणि वळणाच्या विजेच्या खांबांवर लावावेत, तोंड खाली करून. बाकीचे रस्त्याकडे वळवावेत. चार ओळी झाल्या. मला हात आवरेना, "तरी" लिहून पुढे जाणार तोच तिने कागद ओढून घेतला आणि सही केली. मग माझ्याकडे पेन दिलं. मी सगळ्यात खाली सही केली, वळणं न काढता.

पौषातल्या अमावास्येच्या चार दिवस आधी पंचायतीची ऑर्डर घेऊन लाइनमन आला. हायमास्टच्या बुंध्याशी एक हातरहाट असतो, तो फिरवला की दिव्यांचं कडं पाळण्यासारखं खाली उतरतं. चार दिवे काढले. उरलेल्यांपैकी एक तरीही माझ्या शेताकडेच होता, त्याला वळवायची सोय नव्हती. मेस्त्री मला आधीच म्हणाले होते, एखादा वळला नाही तर त्याला टोपी करू. त्यांनी डब्याच्या पत्र्याची टोपी घरीच कापून आणली होती, आतून काळी. त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. कडं छातीएवढ्या उंचीवर आल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी दिवा चाचपला, सगळ्या बाजूंनी, टोपी बसवली आणि चार स्क्रू पिळले. एकही स्क्रू पाहिला नाही. लाइनमन मला हळूच विचारत होता, यांना दिसत नाही का. मेस्त्रींनी ऐकलं. "कान बरे आसत," म्हणाले.

कडं वर गेलं. दिवे लागले. माझ्या शेतावर काळोख पडला. पूर्वीचा नाही, जरासा पातळ. पण पडला.

तीन संध्याकाळी मिळाल्या. दीर्घिका तोवर पश्चिमेकडे कलली होती, दहाच्या सुमारास धुक्यात जायची. मेस्त्री त्या तिन्ही संध्याकाळी माझ्या अंगणात खुर्चीवर बसून गियरचा आवाज ऐकत होते. एकदा म्हणाले, एक दात खातोय, ग्रीस लावा. लावलं. तेव्हापासून तारे फोटोत गोल आले.

फोटो माघात तयार झाला. आधीचे आणि नंतरचे असे सगळे मिळून, एका कोपऱ्यात हायमास्टचा धुरकट ओघळ, तो संगणकात कितीही पुसला तरी पुरता गेला नाही. दाराएवढा छापून आणला आणि लाटंबार्सेला मेस्त्रींच्या खुर्चीसमोर भिंतीवर टांगला. दोन भुजा असलेला निळसर भोवरा, मध्ये पिवळट गाभा. मी बाजूला उभा राहिलो. एखादा अंक संपल्यावर उभा राहतो तसा.

कार्तिकातल्या त्यांच्या नजरेला तो अख्खा दिसला असता. डॉक्टर म्हणाला नसला तरी मला माहीत आहे. मला हात लावायला गेले आणि कान लागला, त्याआधी. ते दोन महिने एका लग्नाच्या हॉलसमोर उजेड पाडण्यात गेले, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. मी पंचाच्या घरी अजून अर्धाच चहा पितो.

मेस्त्री उठले, फोटोपाशी गेले. नाक टेकेल इतक्या जवळ. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, शेत नांगरतात तसं, एक ओळ इकडून तिकडे, मग खालची. पंधरा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं नाही, तरी मला अंदाज असतो. मग एका भुजेच्या टोकाला ते थांबले. तिथे एक लालसर ठिपका होता, मोहरीएवढा.

"ह्यो खड्डो," ते म्हणाले. अगदी हळू. "माझ्या हातचो. सांगितललंय तुमका, दिसतलो म्हणान."

मी सांगितलं की नाही. आरशातला खड्डा असा फोटोत उमटत नाही. हा तेजोमेघ आहे. त्या दीर्घिकेतल्या वायूचा ढग, अजस्र, आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येतायत. आपल्या आरशाने तो पकडला. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, मी थट्टा करतोय का ते बघायला, पण माझा चेहरा त्यांच्या नळीत चटकन सापडेना. मी न हलता उभा राहिलो, सापडेपर्यंत.

"खरा?"

"खरा."

ते परत फोटोकडे वळले. ठिपका हरवू नये म्हणून त्यावर बोट ठेवलं, बोट जरा बाजूला केलं, पाहिलं, परत ठेवलं. शेडमधून आलेला हात, ग्रीसची रेघ फोटोवर उमटली.

"मास्तर," ते म्हणाले, "लाईट लावा."

मी ट्यूब लावली.

"आणिक आसा ती पण लावा."

खोलीत दुसराही दिवा होता, दारावर. मी तो लावला. मग ओसरीवरचा लावला आणि दार सताड उघडं टाकलं.